नाल्यात सापडलेला दगड जीवाश्म आहे का? गोंदियात हे ओळखायचं कसं?

पावसाळा सरला की नाल्याचं पाणी ओसरतं, रेती उघडी पडते आणि कुणाच्या तरी हाती एक वेगळा दगड लागतो. तो कधी अंड्यासारखा गोल असतो, कधी हाडासारखा लांबट, तर कधी त्यावर झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी असते. फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो आणि काही मिनिटांत "डायनासोरचं अंडं!" असा निकालही लागतो.

बहुतेक वेळा तो निकाल चुकीचा असतो. पण प्रत्येक वेळी चुकीचाच असेल असंही नाही. महाराष्ट्रातले काही महत्त्वाचे जीवाश्म विदर्भातच, शेताच्या मातीत आणि नदीकाठी सापडले आहेत. खरा जीवाश्म कसा ओळखायचा आणि गोंदिया जिल्ह्यात तो सापडण्याची शक्यता किती, हे समजून घेऊया.

जीवाश्म म्हणजे नेमकं काय?

जीव मेल्यावर त्याचं शरीर सहसा कुजून जातं. पण ते लवकर गाळाखाली गाडलं गेलं, तर हाड, दात, शिंपला, लाकूड यांसारखे कठीण भाग टिकू शकतात. जमिनीतल्या पाण्यातली खनिजं हळूहळू त्यांत शिरतात आणि काही वेळा मूळ पदार्थाची जागाच घेतात. आकार जिवाचा आणि पदार्थ दगडाचा, असं काहीतरी तयार होतं. पावलांचे ठसे, अंडी, पानांचे छाप आणि विष्ठेचे दगड झालेले गोळेसुद्धा जीवाश्मच असतात.

नदीत सापडलेला एक जीवाश्म तर अनेक मराठी घरांत रोज पूजला जातो. नेपाळमधल्या गंडकी नदीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम म्हणजे बहुतांशी अमोनाइट नावाच्या समुद्री जिवांचे जीवाश्म. शाळिग्रामावर दिसणारं 'चक्र' म्हणजे त्या जिवाच्या शंखाची वेटोळी. हिमालय वर उचलला जाण्याआधी तिथे समुद्र होता, त्याची ती खूण आहे.

शाळिग्राम गंडकीत मिळतो, कारण ती नदी जुन्या समुद्रतळाचे खडक कापत येते. इतर कुठल्याही नाल्यात जीवाश्म शोधतानाही पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा नाला कोणते खडक कापत येतो?

गोंदियाच्या जमिनीखाली काय आहे?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी काहींवर उभा आहे. इथल्या एका खडकसमूहाला भूवैज्ञानिकांनी आमगावचंच नाव दिलं आहे: आमगाव नाइस. नाइस म्हणजे प्रचंड उष्णता आणि दाबाखाली बदललेला पट्टेदार खडक, मराठीत पट्टिताश्म. सालेकसा-दरेकसा भागातल्या डोंगरांत प्राचीन ज्वालामुखीतून आलेला दगड आहे. याशिवाय ग्रॅनाइट, शिस्ट आणि गारगोटीच्या शिरा आहेत. यातले अनेक खडक २०० कोटी वर्षांहून जुने आहेत.

शिंपले, कवच आणि सांगाडे असलेले प्राणी पृथ्वीवर मोठ्या प्रमाणात दिसू लागले ते साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी. डायनासोर तर त्यानंतर ३० कोटी वर्षांनी आले. म्हणजे गोंदियातले बहुतेक खडक तयार झाले तेव्हा हाड नावाची गोष्टच नव्हती. जीवसृष्टी होती ती सूक्ष्मजीवांची. शिवाय यातले बरेच खडक पुढे इतके तापले आणि दाबले गेले की त्यांत काही नाजूक असलंच, तरी ते टिकणं कठीण.

यात एक गंमतही आहे. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. त्या महाखंडाला जगभर 'गोंडवाना' म्हणतात. हे नाव आलं ते गोंडांच्या या मुलखावरून. पण 'गोंडवाना' नावाने ओळखले जाणारे कोळशाचे आणि जीवाश्मांचे थर मुख्यतः शेजारच्या चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर आणि दक्षिण गडचिरोलीच्या भागात आहेत. गोंदियाचे खडक त्यांच्याही कितीतरी आधीचे.

मग गोंदियात जीवाश्म सापडणारच नाही का?

सापडू शकतो. मात्र दगड कुठून आला, हे आधी पाहावं लागतं. तीन शक्यता आहेत.

*पहिली, वैनगंगेने वाहून आणलेला दगड.* बाघ, चुलबंद, गाढवी, पांगोली या नद्यांचा प्रवास मुख्यतः जुन्या खडकांच्या मुलखातला. वैनगंगेचं तसं नाही. ती मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि सुरुवातीचा तिचा प्रवास लाव्हाच्या काळ्या खडकांतून होतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तळ्यांचा गाळ दबला गेला आहे. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांचे जीवाश्म मिळतात. सिवनीला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे गाव अशा वनस्पती-जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे वैनगंगेच्या रेतीत वरून वाहत आलेला एखादा गोटा मिळणं शक्य आहे. देवरीच्या जंगलातल्या छोट्या नाल्यात ती शक्यता जवळपास नाही.

*दुसरी, नदीकाठचा जुना गाळ.* खडक जुने असले तरी नद्यांच्या काठावरचा गाळ त्या मानाने अगदी अलीकडचा असतो. काही हजार ते काही लाख वर्षांपूर्वीच्या अशा गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांची हाडं महाराष्ट्रात सापडली आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचं वर्णन १९०५ साली प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या मांजरा खोऱ्यातूनही असे अवशेष मिळाले आहेत. मध्य प्रदेशात हथनोरा इथे नर्मदेच्या गाळात १९८२ मध्ये प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो अरुण सोनकिया यांना. नदीने कापलेल्या उभ्या काठात हाड रुतलेलं दिसलं, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

*तिसरी, माणसाने आणलेला दगड.* पूल, रस्ता, घाट किंवा रेल्वेमार्गाजवळचे दगड परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेले असू शकतात. फरशीचा तुकडा नाल्यात घासून गुळगुळीत झाला की तो स्थानिकच वाटतो.

फसवणारे दगड कोणते?

गोंदियासारख्या भागात जीवाश्म म्हणून ज्यांचे फोटो फिरू शकतात, असे काही नेहमीचे दगड:

अंड्यासारखा गोटा: पाण्यात वर्षानुवर्षं गडगडत राहिलेला दगड गोल होतोच. ग्रॅनाइटचे दगडही कांद्यासारखे पापुद्रे सुटत गोल होतात. डायनासोरच्या अंड्याला मात्र वेगळं कवच असतं. साधारण एक ते काही मिलिमीटर जाडीचं हे कवच तुटल्या जागी आतल्या दगडापासून वेगळं दिसतं. भिंगातून त्यावर बारीक उंचवटे किंवा छिद्रं दिसू शकतात. कवच नसेल तर तो गोटाच.

झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी: याला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या बारीक भेगांत मँगनीज किंवा लोहाची खनिजं पसरून ही नक्षी बनते. पानाच्या खऱ्या जीवाश्मात मधली शीर आणि तिच्यापासून निघणाऱ्या ठरावीक शिरा दिसतात. डेंड्राइटला मधली शीर नसते, ती नुसतीच फुटत जाते.

लाकडासारखा पट्टेदार दगड: नाइस आणि शिस्टमधले पट्टे लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. खरं अश्मीभूत लाकूड असेल तर त्याच्या आडव्या कापावर, म्हणजे ओंडक्याच्या तोंडाशी, वेगळी रचना दिसते: वर्तुळं किंवा बारीक छिद्रांची जाळी. बाजूने मात्र लांब रेषा दिसतात. दोन्ही बाजूंनी सारखेच पट्टे असतील तर शंका घ्या.

हाडासारखा पांढरा खडा: हे बहुतेकदा चुनखडीचे कंकर असतात. झाडाच्या मुळाभोवती चुना साचला तर पोकळ नळीही तयार होते आणि ती थेट हाडासारखी दिसते.

छिद्रांचा जड काळा दगड: हा लोखंड गाळल्यावर उरलेला मळ असू शकतो. जुन्या भट्ट्यांची ही राख-कीट बुडबुड्यांच्या छिद्रांमुळे हाडासारखी वाटते. ती जीवाश्म नाही, पण जुन्या वस्तीची खूण असू शकते.

खडकातलं 'पाऊल': वाहत्या पाण्यात दगड गोल फिरून खडकाला भोकं पाडतात. कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे असेच तयार झाले. नाल्यातला एकटा खड्डा म्हणजे पाऊल नव्हे. पावलांचे ठसे सहसा गाळापासून बनलेल्या खडकात आणि चालीच्या अंतराने ओळीत असतात.

तासलेली गारगोटी: एका कडेने मुद्दाम टवके काढल्यासारखा दगड हे आदिमानवाचं हत्यार असू शकतं. ते जीवाश्म नसलं तरी पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाचं असतं.

खऱ्या जीवाश्माच्या खुणा

घरच्या घरी पक्का निकाल देता येत नाही. पण पुढच्या गोष्टी पाहिल्या तर बरीच चाळणी होते.

आकारापेक्षा रचना पाहा. दगडाला योगायोगाने कोणताही आकार येऊ शकतो, पण हाडाच्या आतली रचना सहसा येत नाही. तुटल्या जागी बाहेर घट्ट थर आणि आत स्पंजासारखी जाळी दिसली, तर ते हाड असण्याची शक्यता वाढते.

दाताची चकाकी. दातावरचं आवरण हाडापेक्षा कठीण आणि चमकदार असतं. हत्तीची दाढ तर एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या पातळ पाट्यांसारखी दिसते.

वजन. खनिजं भरलेलं हाड ताज्या हाडापेक्षा जड लागतं. नाल्यात गाई-म्हशींची हाडं पडलेली असतातच. हलकं, पांढरं, चिकट वास येणारं हाड बहुधा अलीकडचं.

शंखाची दिशा. विदर्भातल्या लाव्हांमधल्या थरांत 'फायसा' नावाच्या गोगलगायीचे शंख मिळतात. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं, तर त्याचं तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगायींच्या शंखाचं तोंड उजवीकडे असतं. ही खूण साध्या डोळ्यांनी तपासता येते.

लिंबू-व्हिनेगरची चाचणी. दगडावर लिंबू पिळून फेस आला म्हणजे जीवाश्म, असे व्हिडिओ फिरतात. फेस आला तर त्यात चुना आहे एवढंच कळतं. कंकरावरही फेस येतो. वर खऱ्या नमुन्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

विदर्भात नेमकं काय सापडलंय?

या भागातल्या जीवाश्मांकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप यांचं नाव आधी येतं. १८४५ मध्ये नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी शिक्षक होते आणि फावल्या वेळात दगड गोळा करायचे. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळच्या टाकळीपासून चंद्रपूरकडच्या मांगलीपर्यंत जीवाश्म जमवले. नागपूर परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांचा शोधनिबंध १८५५ मध्ये लंडनमध्ये छापून आला. मांगलीत मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचं वर्णन प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉप यांच्या नावाने आहे.

गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या थरांत माशांचे जीवाश्म मिळाले आणि त्या खडकांना 'कोटा' हेच नाव पडलं. याच खडकांत, नदीपलीकडच्या आजच्या तेलंगणात, 'बारापासॉरस टागोराय' या महाकाय डायनासोरची हाडं सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झालेल्या उत्खननामुळे त्याला त्यांचं नाव मिळालं. सिरोंचा तालुक्यातल्या वडधममध्ये दगड झालेली झाडं आहेत. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन जी नदी बनते, तीच ही प्राणहिता. म्हणजे गोंदियाचं पाणी अखेर जीवाश्मांच्या या मुलखातूनच पुढे जातं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव तर जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. इथल्या शेतांत डायनासोरची हाडं मिळाली आणि सोबत मिळाले त्या काळातल्या प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे. दिसायला अगदी मातीचे ढेकूळ.

२००५ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं. डायनासोरच्या काळात गवत होतं, याचा तो पुरावा ठरला. त्याआधी गवत बरंच नंतरचं मानलं जायचं. २०११ मध्ये पिसदुऱ्याच्याच नमुन्यांवरून पुढचं पाऊल पडलं: भात ज्या वनस्पतिगटात येतो, त्या गटाचे पूर्वज त्या काळात अस्तित्वात होते.

धानाच्या शेतीवर जगणाऱ्या गोंदियासाठी ही गोष्ट जवळची आहे. भाताच्या कुळाची कहाणी काही कोटी वर्षं मागे गेली ती शेजारच्या जिल्ह्यातल्या ढेकळांमुळे. ती ढेकळं कोणत्या गावातली, कोणत्या थरातली हे माहीत होतं, म्हणूनच त्यांतून वय काढता आलं. तोच गोळा कुणाच्या शोकेसमध्ये पत्त्याशिवाय पडून असता, तर त्यावरून काहीच सिद्ध झालं नसतं.

सापडलं तर काय करायचं?

दगडापेक्षा दगडाचा पत्ता मोलाचा, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

१. काठात किंवा खडकात रुतलेली वस्तू उपसू नका. हातोडी, खिळा, चाकू लावू नका.

२. आहे त्या जागी फोटो काढा. एक जवळून, एक लांबून आणि एक आजूबाजूचा काठ दिसेल असा. मापासाठी शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा.

३. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा. गाव, नाल्याचं नाव, तारीख आणि वस्तू रेतीत सुटी होती की थरात रुतलेली, हे लिहून ठेवा.

४. सुटी वस्तू पुरात वाहून जाणार असेल आणि जागा जंगलाबाहेरची असेल, तर ती कागदात गुंडाळून ठेवा. ब्रशने घासू नका, गोंद किंवा वॉर्निश लावू नका.

५. नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी किंवा कुदळ पोहोचू शकते.

६. फोटो आणि माहिती तज्ज्ञांकडे पाठवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूर विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. जवळच्या कॉलेजातले भूगोल किंवा भूशास्त्राचे प्राध्यापकही पहिली दिशा देऊ शकतात.

घरी नेलं तर गुन्हा होतो का?

ते जागेवर अवलंबून आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातले दगड आणि खनिजंसुद्धा 'वनोपज' ठरतात. त्यामुळे वनक्षेत्रातल्या नाल्यातून दगड उचलणं अडचणीचं ठरू शकतं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात तर परवानगीशिवाय शिरणंच बेकायदा आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावी लागते. भूवारसास्थळं आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये स्वतंत्र विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता.

श्रद्धेचा प्रश्नही येतो. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावाचे लोक गोल दगडांना 'काकड भैरव' म्हणून पूजत होते. ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्याची बातमी २०२३ च्या अखेरीस देशभर गाजली. त्या गावाने ते दगड जपले होते, हेही तितकंच खरं. दगड पूजेत असेल तर तो उचलून न नेता तिथेच फोटो आणि नोंद घेणं योग्य.

एक महत्त्वाची खबरदारी

पूर ओसरल्यावर नवे दगड उघडे पडतात, म्हणून शोधायला तोच काळ चांगला वाटतो. धोकाही तेव्हाच जास्त असतो. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही नाल्याला लोंढा येतो. रेती उपशाच्या खड्ड्यांत पाय गेला तर खोलीचा अंदाज येत नाही. विदर्भाच्या जीवाश्मांची ओळख जगाला करून देणारे हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यातच बुडून वारले. एकट्याने जाऊ नका, पाणी गढूळ होताना दिसलं की लगेच वर या.

थोडक्यात

गोंदियातल्या छोट्या नाल्यात मिळालेला गोल, पट्टेदार किंवा नक्षीचा दगड बहुधा जीवाश्म नसतो, कारण तिथले खडक हाडं-शिंपल्यांच्या आधीचे आहेत. वैनगंगेने आणलेला गोटा आणि नदीकाठच्या गाळात रुतलेलं जड हाड मात्र तज्ज्ञांना दाखवण्यासारखं असतं. आणि दगड जीवाश्म निघाला नाही, तरी हातात असलेली वस्तू २०० कोटी वर्षांहून जुनी असू शकते. डायनासोर तिच्यापुढे कालपरवाचे.